झटक्याची तार

अजूनही कुणाच्या घरी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोठी असली, की मी तिथे फार वेळ बसू शकत नाही. चहा अर्धा टाकून उठते. माझी लेक म्हणते, "आई, घड्याळाला कोण घाबरतं गं?" मी घड्याळाला घाबरत नाही. ती टिकटिक थांबली तर काय, याची मला भीती वाटते. पण हे एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. त्यासाठी पास्कूकाकांची वाडी सांगावी लागेल, त्यांच्या शेळ्या सांगाव्या लागतील, आणि तेव्हा मी काय लपवलं होतं तेही सांगावं लागेल.

मी मूळची जतकडची. आमच्याकडे पाणी टँकरने यायचं. आई गेली तेव्हा माझी सातवी नुकती झाली होती. घरात भाकरी थापणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा तिथेच सुटली. पुढे वडीलही अंथरुणाला खिळले, कारभार चुलत्याच्या हातात गेला, आणि चुलत्याने माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं. माणूस माझ्या वडिलांच्याच वयाचा, पहिली बायको विहिरीत गेलेली. ती विहिरीत कशी गेली हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शेजारच्या गावात मिशनचा दवाखाना होता, तिथल्या सिस्टरांकडून मी वडिलांचं औषध आणायची. एके दिवशी औषधाची पुडी हातात घेतली आणि मला रडूच आलं. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं, वडिलांशी बोलल्या, आणि मला विचारलं, "माझ्या भावाच्या घरी राहशील का? लांब आहे, वसईला. घरकाम आहे थोडं, शेळ्या आहेत." शेळ्या म्हटल्यावर मी मान हलवली. शेळ्या मला येत होत्या. दुसरं काही येत होतं असं मला वाटत नव्हतं.

त्या घरात माणसं तीनच. पास्कूकाका म्हणजे सिस्टरांचे थोरले भाऊ. त्यांनी जन्म एका कारखान्यात फिटर म्हणून काढला होता आणि तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले होते. ते स्वतः ओरडून बोलत आणि बाकी सगळं जग कुजबुजतं अशी त्यांची तक्रार असे. त्यांची बायको रोजाकाकू, आणि मधली बहीण फिलूआत्या. आत्यांनी लग्न केलं नव्हतं. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्या, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा. आपसात ते तिघं त्यांच्या गावच्या बोलीत बोलत. पहिले काही महिने मला त्यातलं अक्षर कळलं नाही. माझं नाव मध्येच ऐकू आलं की मी घासतं भांडं तसंच धरून कान द्यायची. वाटायचं, मला परत पाठवायचंच बोलणं चाललंय. बहुतेक वेळा ते 'सुमनला मासा वाढला का' एवढंच असायचं, हे मला बोली कळायला लागल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी मी ताट घेऊन जमिनीवर बसले, तर काकू म्हणाल्या, "खाली काय मांजर हायस? वर ये." तांदळाची भाकरी मला आधी मिळमिळीत लागायची, आणि बोंबील तोंडात घातला की डोळे मिटून गिळायची. रविवारी काकू फुगे तळायच्या. पीठ आदल्या दिवशीच आंबत ठेवलेलं, तेलात पडलं की गोल टम्म व्हायचं. सुकेळ्यांच्या दिवसांत सोललेली राजेळी केळी अंगणात मांडवावर वाळत पडायची, मधाच्या रंगाची, आणि सगळ्या घराला गोड वास. मी एक खाल्लं तरी चोरी केल्यासारखी तोंड पुसायची. काकू बघायच्या आणि मुद्दाम दुसरं हातात द्यायच्या. इतकं चांगलं माझ्याशी आधी कुणी वागलं नव्हतं, आणि म्हणूनच मी धास्तावलेली असायची. जे आपलं नाही ते कुणीही कधीही काढून घेईल, असं मला वाटे. हॉलमधला फोन वाजला की हातातलं काम सुटायचं. चुलताच असणार.

शेळ्या सहा होत्या. त्यांतली म्होरकी काळीभोर, पांढऱ्या कानांची. मान वर करून, लोकांकडे न बघता चालायची, म्हणून काकांनी तिचं नाव 'मादाम' ठेवलं होतं. मी आले तेव्हा त्यांना मागच्या मोकळ्या रानात चरायला न्यायची. मग त्या रानाला पत्रे लागले, पाठोपाठ इमारतीचा पाया खणला गेला, आणि चरायला जागाच उरली नाही. शेळ्या वाडीतच ठेवायच्या, तर एका बाजूला काकांची केळी आणि दुसऱ्या बाजूला शेजारच्या दुमिंगभाऊंची सोनचाफ्याची कलमं. काटेरी कुंपण मादामने आठवड्यात मोडून काढलं. तेव्हा काकांनी झटका मशीन आणली.

पाटीएवढी एक पिवळी डबी, तिला बॅटरी. ती विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत, मोटारीच्या बोर्डाशेजारी टांगली. तिथून निघालेली बारीक तार चिकूच्या झाडाखालच्या जागेभोवती चार पदरी फिरवली, प्रत्येक खांबावर प्लास्टिकची बोंडं लावून. एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली, ती अर्थिंगची. बटण दाबलं आणि डबी बोलायला लागली. टिक. टिक. टिक. दर टिकेला तारेतून एक झटका जाणार.

मी विहिरीपलीकडे जाऊन उभी राहिले. आमच्या वस्तीवर एकदा वाऱ्याने खांबावरची तार तुटून ओढ्यात पडली होती. चुलत्याचा बैल पाणी प्यायला उतरला आणि गुडघ्यावर बसला, दमून बसावा तसा. आम्ही त्याला हाक मारत राहिलो. तो मेलाय हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. तेव्हापासून वीज म्हटलं की मला तो बसलेला बैल दिसतो. शिवाय दुसरी भीती होतीच, जी मी कुणाला सांगितली नाही. शेळ्या तारच राखणार असेल, तर मला कशाला ठेवतील?

शेळ्यांना तार शिकवावी लागते. काकांनी तारेवर फणसाची पानं टोचली आणि शेळ्या सोडल्या. मादाम पहिली पुढे आली. ओलं नाक पानाला लावलं, टिक झाली, आणि ती चारी पाय उचलून उडाली. असं ओरडली की दुमिंगभाऊ घरातून बाहेर आले. मी तोंड दाबून रडत होते. काका ओरडले, "अगं, हा मार नाय, शिस्त हाय! झटका लागतो, जीव नाय जात! एक टिक न् दुसरी टिक, मधी करंट बंद असतो, म्हणून." संध्याकाळपर्यंत सहाही शेळ्यांना नाक पोळून घेऊन अक्कल आली होती. त्यानंतर त्या तारेपासून हातभर लांब उभ्या राहायच्या. मादाम मात्र तिथेच उभी राहून दोन्ही पांढरे कान पंपाच्या खोलीकडे वळवून असायची. मला वाटे, माझ्यासारखीच घाबरलीय बिचारी.

तारेची काळजी फिलूआत्यांनी आपल्याकडे घेतली. काकांना टिकटिक ऐकू येत नव्हती, आणि शिकवायचं काम आत्यांच्या हाडात होतं. मिस्साहून आल्या की चपला फाटकाशी काढायच्या, विहिरीवरचा तांब्या भरून अर्थिंगच्या सळईवर ओतायच्या, कारण तिथली माती ओली नसली तर झटका नीट बसत नाही. मग खाली वाकून गवताची एक हिरवी काडी खुडायच्या आणि काडीचं टोक तारेवर ठेवून बोटं हळूहळू पुढे सरकवायच्या. जवळ येईल तसं बोटाला टिकटिक लागते, मुंगी चावल्यासारखी. "चालू हाय गं!" म्हणून मला सांगायच्या. अनवाणी पाय ओल्या मातीत, ओठांवर अजून प्रार्थना, हातात काडी. रोज तसंच. मला म्हणायच्या, "ये, करून बघ." मी दहा पावलं मागे.

आता मी काय केलं ते. शेळ्यांना पाला टाकायला आत जायचं तर डबीचं बटण बंद करायचं आणि बाहेर आल्यावर चालू करायचं, हे माझं काम. एक दिवस चालू करायला विसरले. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा धावत गेले. पण शेळ्या जिथल्या तिथे. तार मेलेली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. दुसऱ्या दिवशी आत्यांची काडी लावून झाली आणि मी गुपचूप बटण बंद केलं. मग रोजच. सकाळी आत्यांपुरती तार जिवंत, बाकी दिवसभर मेलेली. टिकटिक नाही, बैल नाही. काकांना ऐकू येत नाही, आत्या दुपारी मुलांच्या शिकवण्या घ्यायला जायच्या, काकू स्वयंपाकघरात. ते तीन महिने माझे त्या घरातले सगळ्यात सुखाचे होते. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पण मादाम घाबरलेली नव्हतीच. ती ऐकत होती. टिकटिक थांबली की तार चावत नाही, हे तिने आपलं आपण ताडलं असणार. एका दुपारी मी कोंडा भिजवत होते आणि शेजारून आरडाओरडा आला. धावत गेले तर मादाम दुमिंगभाऊंच्या वाडीत, मागे पाचजणी, आणि चाफ्याच्या नव्या कलमांचे शेंडे एकूणएक खुडलेले. लोकांनी बघायच्या आत मी पंपाच्या खोलीत शिरून बटण दाबलं. सगळ्यात आधी मी काय केलं तर ते.

दुमिंगभाऊ काठी घेऊन फाटकाशी उभे. "पास्कू, तुझी ती टिकटिक रोज सकाळी आम्ही ऐकायची, न् शेळ्यांनी माझा चाफा खायचा? मशीन घेतलीस का खेळणं?"

काका पंपाच्या खोलीत गेले. डबी चालू. तारेला हात लावून बघितला, झटका बसला, हात झाडत बाहेर आले. "मशीन चालू हाय, रे! चालू असून गेली!" त्यांचा चेहरा पडला होता. जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस, त्याच्या दारात येऊन शेजाऱ्याने यंत्राचं हसं केलं होतं. "झटकाच कमजोर हाय. बकरीच्या केसाळ अंगाला लागतच नाय. थांब, उद्या बघतो."

आत्या त्या वेळी चंदनसारला भाचीकडे दोन दिवस गेल्या होत्या. संध्याकाळी टेबलाशी काकांनी काकूंना सांगितलं, ओरडूनच: डबी काढून टाकायची. तार सरळ मोटारीच्या लाइनला जोडायची. मध्ये शंभरचा एक बल्ब घालायचा. "बल्ब मधी घातला की करंट अर्धा होतो. आम्ही कंपनीत करायचो."

"कोण मरंल-बिरंल," काकू म्हणाल्या.

"अर्ध्या करंटने कोण मरतो? मी फिटर का तू?"

मला करंटातलं काही कळत नव्हतं. पण 'मधी करंट बंद असतो म्हणून जीव नाय जात' हे काकांचंच वाक्य मला पाठ होतं, आणि मोटारीची लाइन कधी टिकटिक करत नाही एवढं मी बघितलेलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं: काका, मशीन कमजोर नाही, मी बंद ठेवली होती. मी ताटातला बोंबील बाजूला सारला. बोलले तर उद्याची गाडी, जत, चुलता, आणि ती विहीर. काकूंनी विचारलं, "बोंबील का टाकलास?" मी म्हटलं, पोट दुखतंय. काकूंनी ओवा दिला. तो चावत मी गप्प राहिले.

सकाळी काकांनी तार जोडली. शेळ्या गोठ्यात बांधून ठेवल्या होत्या. बोर्डाच्या लोखंडी पेटीचा खटका वर केला, बल्ब लागला नाही. म्हणजे करंट कुठे गळत नाय, ठीक, म्हणाले. कुठे टिक नाही, काही नाही. वाडी इतकी शांत मी ऐकली नव्हती. "मी दुमिंगला बोलावून आणतो, बघ म्हणावं आता. तू हितं थांब, कोणाला हात लावू देऊ नको," म्हणून ते पुढच्या दाराने गेले. मी पंपाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. फाटक वाजलं.

आत्या होत्या. चंदनसारहून पहिल्या बसने निघून, मिस्सा करून, परस्पर मागच्या वाटेने आलेल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हातातली पिशवी त्यांनी खांबाशी ठेवली, चपला काढल्या, तांब्या भरला. सळईवर पाणी ओतलं. ओठ हलत होते. खाली वाकून काडी खुडली.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. हे मी फार वेळा आठवून बघितलंय आणि दर वेळी तसंच होतं. डोळ्यांसमोर फक्त आत्यांचे ओल्या मातीतले पाय. त्या काडी पुढे नेत होत्या. तेव्हा माझा हात हलला. ती लोखंडी पेटी मी कधी शिवले नव्हते, काकू तिच्याजवळ झाडूसुद्धा मारू द्यायच्या नाहीत. पण तीन महिने मी त्या खोलीत एकच गोष्ट शिकले होते, बंद करणं. दोन्ही हातांनी मी तो खटका खाली ओढला आणि तसाच दाबून धरला.

बाहेर आत्यांची बोटं काडीवरून सरकत सरकत तारेपर्यंत पोचली होती. काही लागलं नाही म्हणून त्यांनी काडी टाकली आणि अख्खा पंजा तारेवर ठेवला.

"सुमन! मशीन बंद हाय काय गं?"

"हात काढा!" आता आवाज फुटला तो असा की काकू भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. "आत्या, हात काढा! ती मशीन नाय! मोटारीची लाइन हाय!"

आत्यांनी हात काढला. तार बघितली, तारेमागे खोलीपर्यंत नजर नेली, बोर्डावरचा बल्ब बघितला. शिकलेली बाई, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्या आत आल्या आणि मला म्हणाल्या, "सोड आता." मला सोडता येईना. बोटं एकेक करून त्यांनी उघडली. मी तिथेच खाली बसले आणि सगळं बोलून टाकलं: डबी मीच बंद ठेवायची, रोज, तुमची काडी झाली की, मादाम त्यामुळे गेली, मशीन चांगली आहे, काल टेबलाशी बोलायला हवं होतं, नाही बोलले. काका दुमिंगभाऊंना घेऊन दारात येऊन उभे होते. त्यांना त्यातलं निम्मंच ऐकू आलं असेल. पण ओली सळई आणि तारेखाली पडलेली काडी त्यांना दिसली, आणि फाटकाशी बहिणीच्या चपला. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले. गुडघे मोडल्यासारखे बसले. मला पुन्हा तो बैल आठवला.

"कंपनीत करायचो," ते म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज मला लहान ऐकू आला.

"कंपनीत रबरी बूट घालायचास," आत्या म्हणाल्या.

दुमिंगभाऊंनी काठी भिंतीला टेकवली आणि जोडणी सोडवायला आत गेले. चाफ्याचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

मी दुपारी पिशवी भरून ठेवली. दोन साड्या, एक फणी, वडिलांचा फोटो. काकूंनी बघितली, उचलली, आणि पिशवीसकट कपाटावर टाकली, माझा हात पोचणार नाही अशी. "तिकडे मेलेल्या बाईच्या जागी जायचंय तुला?" मला वाटायचं त्यांना ठाऊक नाही. सिस्टरांनी सगळं आधीच कळवलं होतं. चुलत्याचा फोनही येऊन गेला होता, दोनदा. आत्यांनी त्याला कोणत्या भाषेत काय ऐकवलं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मला कुणी रागावलंच नाही असं मात्र नव्हे. आत्या रागावल्या, चांगल्या दोन दिवस. डबीबद्दल त्या बोलल्या नाहीत. टेबलाशी मी गप्प राहिले त्याबद्दल बोलल्या. तिसऱ्या दिवशी, डबी परत जागेवर टिकटिकत असताना, त्यांनी मला तारेपाशी नेलं आणि काडी खुडायला लावली. काडीचं टोक माझ्याकडून तारेवर ठरेना. त्यांनी मनगट धरलं नाही. नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मी बोट सरकवलं, थांबले, आणखी सरकवलं. मग लागलं. मुंगीएवढं. पलीकडून मादाम कान वळवून आमच्याकडे बघत होती.

भीती गेली नाही. ती आजही माझ्याबरोबर राहते, लेकीने इस्त्रीची पिन लावली तरी मी खोलीबाहेर जाते. पण त्या घरात मी पुढे आठ वर्षं राहिले, तिथूनच माझं लग्न झालं, फुगे काकूंनीच तळले. तार मला राखणीच्या कामातून काढेल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. त्या दिवसापासून काका रोज सकाळी केळीतून ओरडून विचारायचे, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं:

"सुमेऽ! टिकटिक येते का?"

मी कुठेही असले तरी हातातलं ठेवून पंपाच्या खोलीत जायची, डबीला कान लावायची, मग बाहेर येऊन काडीही लावायची. एवढं झाल्यावरच उत्तर द्यायची. काका तोवर केळीत तसेच उभे असायचे, कानामागे हात धरून.